मंगल नावाचा कॉम्प्युटर

साळुंखे नानांनी वयाच्या चौपन्नाव्या वर्षी बेडरूममध्ये अख्खी कंपनी थाटली, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी हसले होते. चांगली मोठ्याने, कॅन्टीनमध्ये, चार लोकांत. आता ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

आमचा कारखाना तळोज्याला, केमिकलचा. मी खरेदी खात्यात, नाना स्टोअरला. स्टोअर म्हणजे कारखान्याचं कोठार. नटबोल्टापासून मोठ्या मोटारीपर्यंत जे लागेल ते तिथून मागून न्यायचं. तिथल्या जाळीच्या खिडकीमागे नाना सव्वीस वर्षं बसले. मूळचे साताऱ्याकडचे, अंगाने काटक, कानावर पेन्सिल, खाकी शर्टाचं गळ्याजवळचं बटणसुद्धा लावलेलं. कारखान्यात मला 'मॅडम' म्हणायचे. संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये बसलो की 'ताई'. नेरूळला आम्ही दोघंही उतरायचो, ते पुढे सारसोळ्याच्या बाजूला, मी अलीकडे. सकाळी गेट आलं की पुन्हा मॅडम. यात त्यांची कधी चूक झाली नाही.

खिडकीवर नानांचे कायदे होते. जुनी वस्तू आणा, नवी न्या. एकदा मोठे साहेब स्वतः बल्ब मागायला आले. नानांनी त्यांना स्टूल दिलं, पाणी दिलं आणि जुना बल्ब आणायला परत पाठवलं. दुसरा कायदा म्हणजे वस्तू हातात घ्यायची, ती काय आहे आणि कुठे बसवायची आहे हे तोंडाने बोलायचं, मगच न्यायची. "बोल, काय नेतोयस?" असं ते प्रत्येकाला विचारायचे. लोक वैतागायचे. मी तर जात्याच फटकळ. एकदा म्हटलं, "नाना, मंगलाष्टकांना लागत नाही एवढा वेळ तुमच्याकडे एक वॉशर न्यायला लागतो." तर म्हणाले, "लागू द्या की मॅडम. मंग टिकतंय."

ह्या कायद्यांमागचं कारण त्यांनी मला बसमध्ये एकदाच सांगितलं. नोकरीच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी त्यांनी घाईत चुकीचं गॅस्केट दिलं होतं. दोन पाइपांच्या सांध्यात बसवायची चकती ती, दिसायला सगळ्या सारख्याच. लाइन सुरू झाली, सांधा सुटला आणि फिटरचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. माणूस वाचला, हात आखडला तो आखडलाच. चौकशीत चूक फिटरची ठरली. नानांना कोणी काही बोललं नाही. पण दर दिवाळीला ते त्याच्या घरी फराळ घेऊन जायचे, आणि तो माणूस त्यांच्यासमोर डाव्या हाताने चकली खायचा. "कुणी बोललं असतं तर बरं झालं असतं, ताई," ते म्हणाले.

म्हणून नानांचा जीव त्यांच्या कार्डांत होता. स्टोअरच्या प्रत्येक खणाला दोऱ्याने बांधलेलं एक कार्ड असतं. वस्तू कोणती, आली किती, गेली किती, उरली किती. बिन कार्ड म्हणतात त्याला. साडेनऊ हजार खण आणि साडेनऊ हजार कार्डं, सगळी नानांच्या पेन्सिलीतली.

मग कंपनीने ते मोठं सॉफ्टवेअर आणायचं ठरवलं. खरेदी, स्टोअर, उत्पादन, हिशेब, पगार, सगळा कारभार एकाच ठिकाणी चालवणारं. बाहेरून टाय लावलेली मंडळी आली, मीटिंगा झाल्या. साहेबांनी सांगून टाकलं की सहा महिन्यांनी परीक्षा, ज्याला हे जमेल तो खिडकीवर, बाकीचे यार्डात ड्रम मोजायला. ट्रेनिंगच्या यादीत नानांचं नाव नव्हतं. मी चौकशी केली तर साहेब म्हणाले, "साळुंखेंची चार वर्षं राहिलीत, कशाला त्यांना टेन्शन?"

त्या दिवशी नाना कॅन्टीनमध्ये माझ्या टेबलाशी आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "मॅडम, ते सॉफ्टवेअर घरच्या कॉम्प्युटरवर बसतंय म्हणं. शिकणाऱ्यांसाठी वेगळं देत्यात. बसवू का?" आणि मी हसले. म्हटलं, "नाना, ते हजार माणसांच्या कंपनीसाठी असतं. घरी काय वहिनींच्या डाळ-तांदळाचा स्टॉक ठेवणार?" शेजारचेही हसले. नानाही हसले थोडंसं, लोकांना वाईट वाटू नये म्हणून.

पण बसवलं हो त्या माणसाने. वाशीहून जुना, दणकट कॉम्प्युटर आणला. बेडरूममधलं शिलाई मशीन बाहेर गेलं, तिथे हा आला. फोनवर व्हिडिओ बघायचे, वहीत पेन्सिलीने एकेक पायरी लिहायचे आणि रविवारी सकाळी आंघोळ करून इन्स्टॉलेशनला बसायचे. सहा-सात तास चालायचं ते. पडद्यावरची पट्टी पुढे सरकत सरकत अडुसष्ट टक्क्यांवर यायची आणि बंद पडायची. सलग चार रविवार असं झालं. पाचव्या रविवारी त्यांनी मला घरी बोलावलं.

मला तरी काय कळणार होतं? पण मी पडद्यावरची, चूक दाखवणारी सूचना वाचली आणि विचारलं, "नाना, ह्या कॉम्प्युटरला नाव काय दिलंय तुम्ही?" प्रत्येक कॉम्प्युटरला एक नाव द्यावं लागतं, ते तेरा अक्षरांच्या आत लागतं, असं त्यात लिहिलं होतं. नानांनी दिलं होतं 'श्रीभैरवनाथप्रसन्न', इंग्रजीत, सलग. ट्रकवर, दारावर, लग्नपत्रिकेवर जे लिहितात तेच. नवी वस्तू घरात आली तर दुसरं काय लिहिणार माणूस? मी सांगितल्यावर त्यांनी देवघराकडे बघून हात जोडले. "देवाला आत जागा न्हाई म्हणतंय, बगा." मग बराच विचार केला आणि कुणाला न विचारता बायकोचं नाव टाकलं, मंगल. दारात उभ्या असलेल्या मंगलवहिनी लाजून आत गेल्या.

त्या रविवारी पट्टी शंभरावर पोचली. तोवर घरात मिक्सर लावायला बंदी होती. मिक्सर लावला की त्या जुन्या वायरिंगचा फ्यूज जायचा आणि सगळं पहिल्यापासून करावं लागायचं. वहिनी प्रत्येक रविवारी चटणी खलबत्त्यात कुटायच्या. "एवढं शिकून काय साहेब होणार हायत का?" असं मला म्हणाल्या, पण हळू आवाजात, नानांना ऐकू जाऊ नये इतपत.

खंडेनवमीला कारखान्यात आम्ही तराजू आणि पान्यांची पूजा करतो. त्या वर्षी नानांनी घरी कॉम्प्युटरची केली. झेंडूचा हार घातला, नारळ ठेवला आणि पडद्याच्या कोपऱ्याला दोऱ्याने एक बिन कार्ड बांधलं. वस्तू: कॉम्प्युटर. आले: एक. उरले: एक.

सॉफ्टवेअर बसलं तरी आत सगळं रिकामं असतं. कंपनी आपणच उभी करायची, माल देणारे आपणच घालायचे. सरावासाठी नानांनी पहिली ऑर्डर काढली ती सारसोळ्याच्या हिराबाईला, कोळंबी एक किलो. ती त्यांच्या दारावर मासे घेऊन यायची. तिला हे कळलं तर तिने टोपली खाली ठेवून विचारलं, "माजा नाव कॉम्पुटरान घातलास? आता म्हावरा खराब निंगाला तं त्यालाच इचार, माज्याशी भांडू नको." नानांनी तिला माल परत पाठवायची नोंदसुद्धा करून दाखवली. त्या दोन महिन्यांत मी त्यांना जेवढं हसताना पाहिलं तेवढं आधी कधी पाहिलं नव्हतं.

मी दर रविवारी जायला लागले. शिकवायला नाही, शिकायला. ट्रेनिंगमध्ये टायवाले भराभर बोलायचे, माझ्या डोक्यात काही शिरायचं नाही. नाना एकेक बटण समजावून सांगायचे. सेव्ह करायच्या आधी मला मोठ्याने बोलायला लावायचे, "बोला ताई, काय नेताय? कुठं बसवणार?" बंद करायची पद्धतही ठरलेली होती. आधी खिडकी, मग कोठार, मग दिवा. म्हणजे आधी सॉफ्टवेअर, मग त्याचा माहितीचा साठा, मग मशीन. परीक्षेत मी पास झाले ती त्या बेडरूममुळे. टायवाल्यांमुळे नाही.

त्यांना काय हवं होतं ते मला तेव्हाच माहीत होतं. खुर्ची तर हवीच होती. पण त्याहून जास्त त्यांना हवं होतं की नव्या यंत्रात त्यांचं स्टोअर बरोबर जावं. चकती चकतीच्याच नावाने जावी. बाहेरची माणसं यादी बनवत होती, एकाच बोल्टला तीन नावं देत होती, ते नानांनी पाहिलं होतं. मग त्यांनी ठरवलं की आपणच करायचं. रोज दुपारच्या सुट्टीत खणाखणापुढे उभं राहून कार्डं वहीत उतरवायची, वही घरी न्यायची, संध्याकाळी टाइप करायचं. दोन बोटांनी, साडेनऊ हजार वस्तू. गेटवर रोज स्वतःच पिशवी उघडून वही, डबा, चष्म्याची डबी दाखवायचे. वॉचमन म्हणायचा, "जा ओ नाना, तुमची पिशवी कशाला बघायची?" तरी दाखवायचे. वही कितीदा आत-बाहेर झाली, कोणी हटकलं नाही.

काम पुरं झाल्याचं त्यांनी मला बसमध्ये सांगितलं. मी म्हटलं, "पेनड्राइव्हवर घालून आणा. मी साहेबांना दाखवते." माझं वाक्य होतं ते. मी बोलले आणि उतरून घरी गेले, भाजी काय करायची याचा विचार करत.

दुसऱ्या दिवशी नाना गेटवर थांबले. दुसरा कोणी असता तर पेनड्राइव्ह खिशात टाकून आत आला असता. सगळे तसेच यायचे, मीसुद्धा. नानांनी गेटवरचं रजिस्टर मागून घेतलं आणि आपल्या पेन्सिलीने लिहिलं: पेनड्राइव्ह एक. आत संपूर्ण स्टोअर. खाली सही. नव्या सिक्युरिटी ऑफिसरने ते वाचलं आणि पेनड्राइव्ह जप्त झाला. कुठल्या प्लांटला काय लागतं, किती लागतं, सगळं बाहेर नेलं, घरच्या कॉम्प्युटरवर ठेवलं. चोरी. वेगळा पुरावा शोधायची गरजच नव्हती, त्यांनीच तो सहीनिशी लिहून दिला होता.

चौकशीला मलाही बोलावलं, परीक्षेच्या तयारीला त्यांच्याकडे जात होते म्हणून. लांब टेबल, एसी, समोर नाना हात मांडीवर ठेवून. साहेबांनी विचारलं, "हे आत आणायला तुम्हाला कोणी सांगितलं?" नानांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "कुणी न्हाई साहेब. माझं मीच. मॅडमला यातलं काय बी म्हाईत न्हाई." मग साहेब माझ्याकडे वळले. "बरोबर?"

माझी जीभ एरवी गावभर चालते. रिक्षावाल्याशी चालते, सोसायटीच्या सेक्रेटरीशी चालते. तिथे चालली नाही. मुलगी बारावीला होती, नोकरी गेली तर काय, हे सगळं क्षणात डोक्यात आलं. ही कारणं मी स्वतःला नंतर खूपदा सांगितली आहेत, एकही पुरं पडत नाही. मी मान हलवली. बरोबर, म्हणून.

पोलिसांत देत नाही, राजीनामा द्या, एवढी कृपा झाली. शेवटच्या संध्याकाळी नाना गेटवर आले, सवयीने पिशवी उघडली. वॉचमन तोंड फिरवून उभा राहिला. नाना म्हणाले, "बघ बाबा. तुझं काम हाय." त्याने बघितली. डबा होता आणि चष्म्याची डबी.

नवं सॉफ्टवेअर सुरू झालं आणि पहिल्याच महिन्यात स्टोअरचा सत्यानाश झाला. कार्डं रद्दीत गेली. कॉम्प्युटर म्हणायचा चाळीस आहेत, खणात चार. फिटर हात हलवत परत जायचे. मग एक दिवस मी लाजलज्जा सोडून नानांना फोन केला, अमुक व्हॉल्व्ह कुठे असेल म्हणून. पलीकडे कीबोर्डचा आवाज आला. "रॅक बावीस, वरून दुसरा खण, मागं सरकलेला असंल. सात हायत." होता तिथेच, आणि सातच. नाना म्हणाले, "न्हेला की फोन करा, ताई. नोंद करायची हाय." आता मी कायमची ताईच होते, गेट उरलंच नव्हतं.

तेव्हापासून आम्ही सगळेच चोरून फोन करायचो. फिटर करायचे, सुपरवायझर करायचे, एकदा तर साहेबांच्या केबिनमधून गेला. ज्याला चोर म्हणून काढलं त्याच्या चोरीच्या मालावर कारखाना चालला होता. आणि नाना प्रत्येक फोननंतर आपल्या स्टोअरमधून ती वस्तू कमी करायचे. ते शिकाऊ सॉफ्टवेअर दर तीन महिन्यांनी मुदत मागायचं, नाना ती वाढवून घ्यायचे. असं चारदा झालं. दुसरी नोकरी त्यांनी शोधली नाही असं नाही. पण जुन्या कंपनीत फोन गेला की पुढे काही व्हायचं नाही.

त्यांना मी शेवटचं पाहिलं तो शनिवार. प्लांटमध्ये एका लाइनला गळती होती, सांध्याचं गॅस्केट हवं होतं, आणि नानांचा फोन लागत नव्हता. कंपनीची गाडी घेऊन मी थेट त्यांच्या घरी गेले. बेल वाजवली तर वहिनींनी दार उघडलं, आत नाना कॉम्प्युटरसमोर, खाकी शर्टात, गळ्याचं बटण लावून, कानावर पेन्सिल. चेहऱ्याचा रंग फार उतरला होता. वहिनी म्हणाल्या, "रोज नऊला असंच बसत्यात."

मी साइज सांगितला. नानांनी शोधून काढलं. "रॅक चौदा, तिसरा खण. दोनच उरलेत. कुठं बसवणार, बोला." मी घाईत होते, तरी बोलले. प्लांटचं नाव, लाइनचा नंबर, आतून काय जातं ते. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. "बराबर. हेच लागंल. एक न्या. बसवून लाइन सुरू झाली की फोन करा, मंग नोंद टाकतो. इसरू नका." जिन्याच्या वळणावरून मी मागे पाहिलं, तर दारात उभे होते. म्हणाले, "फिटरला हातमोजे घालाय सांगा."

गॅस्केट चौदाच्या तिसऱ्या खणात होतं. लाइन सुरू झाली, एक थेंब गळला नाही, कोणाला काही झालं नाही. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, बाई फार हुशार, म्हणाले. त्या कौतुकात मी फोन करायला विसरले.

सोमवारी सकाळी नाना गेले. छातीत कळ आली, हॉस्पिटल गाठेपर्यंतही थांबले नाहीत. मी स्मशानापर्यंत गेले, मागे उभी राहिले, परत आले. वहिनींसमोर उभं राहायचं धाडस झालं ते शुक्रवारी. त्या म्हणाल्या, "बरं झालं आलात ताई. त्यो बंद कसा करायचा ते मला येत न्हाई. वायर वढायची न्हाई म्हणायचे."

बेडरूममध्ये कॉम्प्युटर तसाच चालू होता. मी माऊस हलवला. पडद्यावर नोंद भरून ठेवलेली होती. वस्तू, गॅस्केट. संख्या, एक. कुठे बसवणार, ते मी बोलले होते अक्षर न अक्षर तसंच. नेणार, माझं नाव. फक्त सेव्ह केलेलं नव्हतं.

"शनिवारी लई येळ बसले," वहिनी मागून म्हणाल्या. "मी म्हटलं जेवा, तर म्हणाले ताईंचा फोन येऊ दे, फिटर सुखरूप हाय एवढं कळू दे. रविवारी बी फोन उशाला घेऊनच पडले हुते."

मी खुर्चीत बसले आणि मोठ्याने बोलले, त्यांच्या पद्धतीने. गॅस्केट एक नेलं. लाइनला बसवलं. गळती थांबली, फिटर सुखरूप आहे. मग सेव्ह केलं. खाली नोंदीचा नंबर आला. उरले, एक.

मग मागे न बघताच म्हटलं, "वहिनी, तो पेनड्राइव्ह आणायला मीच सांगितलं होतं. त्या दिवशी मी गप्प बसले."

"म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी सांगितलं हुतं त्यांनी. म्हणाले, ताईंची पोरगी बारावीला हाय."

वर्षभर त्या मला चहा देत होत्या, हे सगळं माहीत असून. मी रडले, तिथेच, कीबोर्डवर डोकं ठेवून. त्यांनी पाठीवर हात ठेवला नाही, आणि मला बाहेरही काढलं नाही. माझं आटोपेपर्यंत उभ्या राहिल्या.

मग मी बंद करायला घेतलं. आधी खिडकी, मग कोठार, मग दिवा. पंखा घरघरत थांबला आणि खोलीत एवढी शांतता झाली की स्वयंपाकघरातला नळ ऐकू यायला लागला. ओट्यावर खलबत्ता होता, त्यात अर्धवट कुटलेला लसूण.

"पाच दिस लावला न्हाई मी," वहिनी म्हणाल्या. "फ्यूज गेला असता तर त्यांचं राहिलेलं पुसलं असतं." त्यांनी काळ्या पडद्याकडे बघितलं. मग विचारलं, "आता मिक्सर लावला तर चालंल का?"

मी म्हटलं, "चालेल, वहिनी."